गाडीतले इशारे: कोणते ऐकायचे आणि कोणते बंद करता येतील?

मुलुंडचा वाटसरू

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी दिवाळीत नवी गाडी आली. आधीची गाडी इतकी जुनी होती की दार अर्धवट लागले तरी ती अवाक्षर काढत नसे. नवी गाडी मात्र सतत काही ना काही सांगत असते. बेल्ट लावला नाही की टुंग-टुंग, ताशी ८० च्या पुढे गेले की बीप, रिव्हर्स घेताना भिंत जवळ आली की पीं-पीं, रस्त्यावर आखलेला लेनचा पट्टा सोडून गाडी सरकली की निराळाच आवाज, आणि रिक्षा आडवी आली की लाल दिव्यासकट एक कर्कश इशारा. मुलुंड ते लोअर परळ या प्रवासात रिक्षा आणि दुचाक्या आडव्या येण्याचे प्रमाण आपण सारे जाणताच.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. सौ. म्हणतात की या आवाजांनी लक्ष विचलित होते, आणि ज्याने लक्ष विचलित होते ते सुरक्षेचे साधन कसे म्हणावे? वडील पंचाहत्तरीचे आहेत, अजूनही सकाळी भाजी आणायला स्वतः गाडी नेतात. त्यांचे म्हणणे असे की त्यांना यातले काही ऐकूच येत नाही, तेव्हा वाद कशाला घालता. सीट कव्हर बसवून घेतले त्या दुकानदाराने तर न मागता बेल्टच्या बकलमध्ये अडकवायची धातूची क्लिप पुढे केली. "साहेब, सगळेच लावतात, आवाज कायमचा बंद," असे तो म्हणाला. मी ती घेतली नाही, पण नाकारण्याचे नेमके कारणही मला सांगता आले नाही.

माझा प्रश्न असा, की या आवाजांपैकी कोणत्यांचा सुरक्षेशी खरोखर संबंध आहे, कोणते केवळ नियम पाळण्यापुरते दिलेले आहेत, आणि लक्ष विचलित होण्याची तक्रार कितपत खरी आहे? "कंपनीने दिले आहे म्हणजे चांगलेच असणार" याच्या पलीकडचे उत्तर मिळाले तर बरे होईल.

क्लस्टरवाला

मी नोकरीची बरीच वर्षे मोटारींच्या इन्स्ट्रुमेंट क्लस्टरवर काम केले आहे, म्हणजे स्पीडोमीटर आणि दिवे जिथे दिसतात त्या डब्यावर. आपण ऐकता ते बहुतेक आवाज तिथूनच निघतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम आपल्याकडचा नियम. १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी मोटारींत चालकाची एअरबॅग, चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी बेल्टची आठवण, वेगाचा इशारा आणि मागे घेतानाचे सेन्सर सक्तीचे झाले. म्हणजे आपण सांगितलेल्या पाच आवाजांपैकी तीन सरकारी आहेत. लेनचा पट्टा सुटल्याचा आणि समोरच्या टकरीचा हे दोन कंपनीने वरून दिलेले आहेत. ही विभागणी लक्षात ठेवावी, कारण सेटिंगमध्ये जाऊन सौम्य करता येतात ते बहुधा दुसऱ्या गटातले असतात.

आता बेल्टचा इशारा. शेजारच्या सीटच्या गादीखाली दाब ओळखणारी एक चटई असते आणि बकलच्या आत एक स्विच असतो. सीटवर वजन आहे आणि बकल रिकामे आहे, असे दोन्ही संकेत एकदम आले की दिवा लागतो. गाडी जरा पुढे गेली की आवाज सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १६ मध्ये हा ध्वनी इशारा सुरू होण्यासाठी कमाल मर्यादा घालून दिल्या आहेत, त्या ताशी २५ किलोमीटर वेग, ५०० मीटर अंतर किंवा इंजिन सुरू होऊन ६० सेकंद अशा आहेत. आणि एकदा सुरू झालेला आवाज किमान ३० सेकंद वाजला पाहिजे. गाडी सोसायटीच्या आवारात एका खांबापासून दुसऱ्या खांबापाशी लावताना आवाज होत नाही आणि फाटकाबाहेर पडल्यावर होतो, तो यामुळे. हा विचार करून ठरवलेला विलंब आहे, सेन्सर मंद असल्याचा दोष नव्हे.

चटईला अर्थात माणूस आणि सामान यातला फरक कळत नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी शाडूची मूर्ती पाटासकट पुढच्या सीटवर ठेवा, गाडी बाप्पांनाही बेल्ट लावायला सांगते. अशा वेळी मूर्ती ठेवण्याआधीच बेल्ट बकलमध्ये अडकवून ठेवावा. भाजीची पिशवी मात्र सीटपुढच्या पायदानात ठेवलेली बरी, कारण जोरात ब्रेक लागला तर ती तशीही तिथेच जाणार आहे.

आता क्लिपबद्दल. क्लिप घातली की बकलमधला स्विच "बेल्ट लावलेला आहे" असे गाडीला खोटे सांगतो. केवळ आवाज बंद झाला असता तर मी एवढे लिहिले नसते. काही गाड्यांत एअरबॅगचा संगणक, किती जोराच्या धडकेला एअरबॅग फोडायची, हे ठरवताना याच स्विचचा संकेत वापरतो. शिवाय एअरबॅगची जागा आणि तिचा वेग हे सारे बेल्टने मागे धरून ठेवलेल्या माणसाचा हिशेब करून ठरवलेले असतात. बेल्ट नसलेला माणूस ब्रेक लागतानाच पुढे झुकलेला असतो आणि एअरबॅग फुगत असताना तिच्यावर जाऊन आदळतो. ताशी ५० च्या धडकेत शरीराला जी ऊर्जा सोसावी लागते ती सुमारे पावणेदहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडल्यासारखी असते. "मी काय, शहरातच चालवतो" असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा, कारण रात्री अकरानंतर पूर्व द्रुतगती मार्गावर ताशी ५० ने जाणारी गाडी मी क्वचितच पाहिली आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री मंचांना या क्लिपा काढून टाकण्याचे आदेश दिले आणि १३,११८ नोंदी उतरवल्या गेल्या. दुकानाच्या गल्ल्याखाली त्या अजून मिळतात, हे आपल्या अनुभवावरून दिसतेच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांतले जवळपास निम्मे, ८,३३१, हे चालक नसून प्रवासी होते.

आवाजाने माणसे खरोखर बेल्ट लावतात का, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे, आणि ते मजेशीर आहे. १९७४ च्या मॉडेलांत पुढच्या प्रवाशांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही, अशी सक्ती तिथे केली गेली. लोक इतके चिडले की त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात संसदेने ती सक्ती रद्द केली, आणि इशाऱ्याचा आवाज आठ सेकंदांपेक्षा जास्त सक्तीचा करता येणार नाही असे बंधन वर घातले. हे बंधन २०१२ पर्यंत टिकले. मधल्या काळात फोर्डने स्वतःहून, थांबून थांबून पुन्हा वाजणारा इशारा दिला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तो असलेल्या गाड्यांत ७६ टक्के चालक बेल्ट लावताना आढळले, नसलेल्यांत ७१ टक्के. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ज्यांना बेल्ट लावायचाच नव्हता त्यांच्यापैकी सुमारे सहावा हिस्सा वळला, असा त्याचा अर्थ होतो, आणि तेही पावती न फाडता.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: बेल्टच्या आवाजाला हात लावू नये. तो योग्य कृती केल्याबरोबर थांबतो आणि पुन्हा त्रास देत नाही. इतर आवाजांविषयी माझे मत इतके ठाम नाही.

परळची रात्रपाळी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी अतिदक्षता विभागात काम करते, त्यामुळे आवाजांच्या गर्दीत महत्त्वाचा इशारा कसा बुडतो, हे माझ्या रोजच्या पाहण्यातले आहे.

आमच्याकडे प्रत्येक खाटेपाशी मॉनिटर, पंप आणि व्हेंटिलेटर असतो आणि प्रत्येकाचा आपापला आवाज. रुग्णाने कूस बदलली, बोटावरचा प्रोब निसटला, की मॉनिटर ओरडतो. असे खोटे इशारे दिवसभर कानावर पडले की माणूस जाणूनबुजून निष्काळजी होत नाही, मेंदू आपोआप त्या आवाजाला पार्श्वभूमीत ढकलतो. याला अलार्म फटीग म्हणतात. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये यासाठी स्वतंत्र सावधानपत्र काढले होते, इतका हा विषय गंभीर आहे.

म्हणून धागाकर्त्यांच्या सौभाग्यवतींची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. तिचे नेमके रूप मात्र वेगळे आहे. आवाज झाला म्हणून लक्ष विचलित होते, असे सरसकट म्हणता येत नाही. डोळे रस्त्यावर गुंतलेले असताना कान मोकळे असतात आणि ध्वनी कोणत्याही दिशेने पोचतो, म्हणूनच तर तो वापरतात. आवाज कशाचा आहे हे न कळल्यामुळे चालक डॅशबोर्डकडे पाहतो, तेव्हा खरी अडचण होते. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. "आता हे काय नवीन?" म्हणून दोन सेकंद खाली पाहिले की ४४ मीटर रस्ता न पाहता कापला गेला.

एकाच आवाजाचे दोन अर्थ असले की काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण विमानवाहतुकीतले आहे. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस एअरवेजचे ५२२ क्रमांकाचे उड्डाण सायप्रसहून अथेन्सकडे निघाले. केबिनमधला हवेचा दाब घटत असल्याचा भोंगा वाजला; पण त्या बोइंग ७३७ मध्ये उड्डाणापूर्वीची मांडणी चुकली असल्याचा भोंगाही अगदी तसाच होता, आणि वैमानिकांनी तो दुसऱ्याच अर्थाने घेतला. प्राणवायू कमी पडून ते बेशुद्ध झाले आणि विमानातले सर्व १२१ जण दगावले. मोटारीत एवढे टोक गाठले जात नाही, परंतु नवी गाडी घेतल्यावर गाडी उभी असताना, मॅन्युअल हाती घेऊन जे आवाज वाजवता येतील ते एकेकदा मुद्दाम वाजवून ऐकावेत आणि बाकीचे मॅन्युअलमध्ये वाचून ठेवावेत, असे मी सगळ्यांना सांगते. घरातल्या प्रत्येक चालकाने हे करावे.

आपल्या वडिलांबद्दल थोडे वेगळे लिहिते. वयपरत्वे ऐकू कमी येते ते आधी वरच्या पट्टीचे, आणि बीप वाजवणाऱ्या छोट्या पिझो बझरचा आवाज सहसा दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका त्याच पट्टीत असतो. त्यांना आपले बोलणे बऱ्यापैकी कळत असेल आणि बीप मात्र ऐकू येत नसेल, तर त्यात विसंगती काहीच नाही. पुष्कळ नव्या गाड्यांत इशाऱ्यांचा आवाज सेटिंगमधून वाढवता येतो, आणि काही गाड्यांत तो बझरऐवजी स्पीकरमधून खालच्या सुरात येतो. तरीही फरक पडला नाही तर एकदा ऑडिओमेट्री करून घ्यावी. जी बीप ऐकू येत नाही तिच्याबरोबर मागून येणाऱ्या दुचाकीचा भोंगाही कमी ऐकू येत असण्याची शक्यता आहे, आणि ती बाब या धाग्यापेक्षा महत्त्वाची आहे.

घाटातला

बेल्टबाबत वाद नाही. पण ताशी ८० चा इशारा हा कागदावर सुरक्षा दाखवण्याचा प्रकार आहे, आणि याला कोणीतरी हरकत घ्यायला हवी.

मुंबईतलेच पाहा. अटल सेतूवर मोटारींना ताशी १०० ची परवानगी आहे. तिथे मी ९० ने, पूर्ण कायदेशीर चालवीत असताना गाडी मला ठरावीक अंतराने टोकत राहते. उलट किनारी रस्त्याच्या बोगद्यात मर्यादा ६० ची आहे. तिथे कोणी ७८ ने गेला तर गाडी चकार शब्द काढत नाही, कॅमेरा मात्र काढतो. म्हणजे जिथे मी नियमात आहे तिथे ओरडा आणि जिथे नियम मोडतो तिथे मौन! रस्त्याची मर्यादा गाडीला ठाऊकच नाही, तिला फक्त कारखान्यात घातलेले ८० (थांबून थांबून बीप) आणि १२० (अखंड बीप) हे दोन आकडे ठाऊक आहेत.

हे आपल्याकडेच पहिल्यांदा घडते आहे असेही नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून गाड्यांत ताशी शंभरच्या पुढे गेले की घंटी वाजण्याची सक्ती होती. त्या एकसुरी घंटीने उलट पेंग येते, अशी तिथल्या चालकांची तक्रार असे. १९८६ मध्ये ती सक्ती उठवली गेली. मग आपण तीच वाट नव्याने का धरली, हे मला समजलेले नाही.

युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून सर्व नव्या मोटारींत वेगमर्यादेची पाटी कॅमेऱ्याने वाचून किंवा नकाशावरून ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली. ती निदान तत्त्वतः योग्य आहे. आपल्याकडे मात्र पाटी झाडामागे, बॅनरमागे किंवा मेट्रोच्या पत्र्यामागे असते, तेव्हा कॅमेरा बिचारा वाचणार तरी काय?

समोरच्या टकरीच्या इशाऱ्याचेही तेच. तो ज्या रस्त्यांसाठी घडवला तिथे दोन गाड्यांत अंतर राखतात. सायनच्या सिग्नलला तेवढे अंतर ठेवून पाहा, त्यात तीन दुचाक्या आणि एक हातगाडी शिरेल.

मुलुंडचा वाटसरू

सर्वांचे आभार. क्लिपचे कारण पुरते कळले. दुकानदाराला आता ते सांगता येईल. वडिलांना ऑडिओमेट्रीसाठी राजी करणे हे वेगळेच प्रकरण आहे, पण प्रयत्न करतो. आवाज गाडी उभी ठेवून ऐकण्याची सूचना सौ. ना पटली. एक शंका उरते: टकरीचा आणि पट्ट्याचा इशारा शहरात बंद ठेवावा की चालू?

क्लस्टरवाला

घाटातले यांच्या मुद्द्याशी मी बराचसा सहमत आहे. वेगाचा इशारा हा ठोकळ आहे. त्याचा उपयोग होतो तो वेग नकळत चढतो तेव्हा. आताच्या गाड्या इतक्या शांत झाल्या आहेत की मोकळ्या रस्त्यावर ६५ आणि ८५ यांतला फरक कानाला जाणवत नाही, पूर्वी तो इंजिनच्या घरघरीवरून कळत असे. १२० च्या पुढचा अखंड आवाज मात्र मला योग्य वाटतो, कारण तो थांबवायचा एकच मार्ग आहे आणि तो म्हणजे पाय उचलणे.

आपल्या शंकेबद्दल. पट्ट्याचा इशारा शहरात बंद ठेवला तरी चालेल. जिथे पट्टेच पुसलेले आहेत किंवा खोदकामामुळे जुने आणि नवे असे दोन्ही दिसतात, तिथे कॅमेरा गोंधळतो. शिवाय पुष्कळ गाड्यांत ही यंत्रणा ताशी साठच्या आसपासच जागी होते, त्यामुळे एल. बी. एस. मार्गावर ती असून नसल्यासारखीच असते. द्रुतगती मार्गावर निघताना आठवणीने चालू करावी. रात्रीच्या परतीच्या प्रवासात डोळा लागणाऱ्यांसाठी ती फार कामाची आहे.

टकरीचा इशारा मात्र पूर्ण बंद करू नका. बहुतेक गाड्यांत "लवकर, मध्यम, उशिरा" अशा तीन पायऱ्या असतात. शहरात "उशिरा" ठेवा. रिक्षाने कट मारल्यावरचे निम्मेअधिक खोटे इशारे त्यानेच कमी होतात. अनेक मॉडेलांत हा इशारा बंद केला की आपोआप ब्रेक लावण्याची सोयही त्याबरोबर बंद होते, म्हणून बटण दाबण्याआधी मॅन्युअलमधले ते पान वाचावे. विक्रेत्याला विचारू नये, तो "काही फरक पडत नाही" असेच सांगतो.

टूरिस्ट परवाना

उशिरा लिहितो आहे, पण मागच्या सीटचा विषय कोणी काढला नाही म्हणून राहवले नाही. माझ्या चार गाड्या ॲपवर आणि विमानतळाच्या भाड्यावर चालतात.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ चारोटी येथे सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतल्या सर्व प्रवाशांना बेल्टची सक्ती जाहीर केली. दंड एक हजार रुपये. नव्या गाड्यांत आता मागच्या सीटसाठीही इशारा येऊ लागला आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण माझ्या जुन्या गाड्यांत तो नाही आणि मुंबईतल्या हजारो टॅक्सींतही नाही, तेव्हा त्या प्रवाशांचे काय, हा प्रश्न उरतोच.

प्रवाशाला बेल्ट लावा म्हटले की अर्धे लोक रागावतात आणि उरलेले प्रामाणिकपणे बकल शोधू लागतात. ते सापडत नाही. कारण आपण गाडी घेतल्याबरोबर रेक्झिनचे कव्हर चढवतो, आणि शिवणारा मागच्या सीटची तिन्ही बकले कव्हराखाली दाबून वर घट्ट ताण देतो. माझ्या एका गाडीत कव्हर उसवल्यावर बकले कंपनीच्या प्लॅस्टिक पिशवीत, रबर लावलेली तशीच सापडली. अशा गाडीत इशारा बसवला तरी तो वाजून वाजून चालकाचे डोके फिरवील, आणि मग तीच क्लिप येईल.

कव्हरवाल्याशी बोलताना मी आता दोन गोष्टी ठरवून घेतो. बकलच्या जागी चीर ठेवून तिच्या कडेला पट्टी शिवायची, म्हणजे रेक्झिन फाटत नाही. आणि पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेला शिवण सैल व उसवणारी हवी, कारण ज्या गाड्यांत साइड एअरबॅग आहे तिथे ती सीटच्या पाठीतूनच फुटते. धागाकर्त्यांनी कव्हर आधीच बसवले आहे असे दिसते. आज गाडीत बसाल तेव्हा मागच्या सीटवर हात घालून तिन्ही बकले वर येतात का, एवढे पाहा. येत नसतील तर दादरपासून कुर्ल्यापर्यंत कोणताही शिवणारा अर्ध्या तासात चीर देऊन देतो.